हजेरीच्या कार्डावर एक क्रमांक आणि संगणकात दुसराच : तपासणी कोणत्या क्रमाने करावी

लक्षणे

सोलापूरच्या अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतल्या टॉवेल आणि चादरींच्या कारखान्यांतून एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत माझ्याकडे येत असते. कार्ड लावल्यावर ते वाचणारे यंत्र, म्हणजे रीडर, आवाज करतो, दिवा हिरवा होतो, पण कामगाराची हजेरी लागत नाही, कारण कार्डावर छापलेला क्रमांक आणि संगणकाने नोंदवलेला क्रमांक यांचा मेळ बसत नाही. पुढीलपैकी एखादे लक्षण दिसत असेल, तर हे लेखन त्याच बिघाडाविषयी आहे.

– कार्डावर ०००५९१३७५९ असे छापलेले आहे, परंतु संगणकात ९०१५५१९, १०४३५६७४ किंवा मुळीच ओळखीची न वाटणारी संख्या दिसते.
– क्रमांकाच्या आधी उणे चिन्ह येते.
– क्रमांकात ए ते एफ ही रोमन अक्षरे येतात आणि सॉफ्टवेअर ती स्वीकारत नाही.
– एक्सेलमधल्या यादीत काही कार्डांच्या जागी ५.९१ई+१० असे काही किंवा चक्क डिसेंबर महिन्यातली तारीख दिसते.
– नवा रीडर बसवला आणि कालपर्यंत चालणारी सर्व कार्डे एका दिवसात अनोळखी झाली.
– दोन कामगारांची हजेरी एकाच नावावर लागते.

रीडर कधी वाचतो, कधी वाचत नाही, किंवा कार्ड अगदी टेकवावे लागते, हा प्रकार वेगळा आहे आणि तो येथे घेतलेला नाही. रीडरवर टॉवेलचे तंतू साचले म्हणून क्रमांक बदलला, असे अनेक मुकादम सांगतात, ते बरोबर नाही. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या १२५ किलोहर्ट्झच्या साध्या कार्डात ४० बिटांच्या, म्हणजे ० किंवा १ अशा चाळीस खुणांच्या, माहितीसोबत आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही दिशांचे पॅरिटी बिट, म्हणजे वाचनातली चूक पकडणारे जादा बिट, असतात, त्यामुळे वाचन बिघडले तर सामान्यतः ते नाकारले जाते, चुकीचा क्रमांक पुढे जात नाही. फडक्याने रीडर पुसावा, पण त्याने हा बिघाड जाणार नाही.

सर्वांत आधी एक गोष्ट करू नये

सर्व कार्डांची नोंदणी नव्याने करू नये. दोन पाळ्यांचे कामगार रांगेत उभे करून पुन्हा नोंदणी केली की बिघाड गेल्यासारखा वाटतो, परंतु मूळ कारण तसेच राहते आणि पुढचा रीडर बदलला की तोच प्रसंग पुन्हा उभा राहतो. कार्डातली संख्या बहुतेक वेळा बदललेलीच नसते. रीडर ती एका पद्धतीने लिहितो आणि सॉफ्टवेअर ती दुसऱ्या पद्धतीची समजून वाचते. दशमान, षोडशमान म्हणजे हेक्स (पाया १६, दहा ते पंधरासाठी ए ते एफ ही अक्षरे) आणि द्विमान (फक्त ० आणि १) या तिन्ही पद्धतींत एकच संख्या वेगवेगळी दिसते, आणि रूपांतर नेमके कोठे घडते आहे हे शोधणे एवढेच आपले काम आहे. ते शोधण्यासाठी तीन कार्डे पुरतात.

या लेखनात हेक्स अंकांतली अक्षरे ए, बी, सी, डी, ई, एफ अशी देवनागरीत दिली आहेत आणि दोन-दोन अंकांच्या जोड्या, म्हणजे एकेक बाइट, आडव्या रेघेने तोडल्या आहेत. संगणकावर अर्थात रोमन अक्षरे आणि इंग्रजी अंक टाइप करावेत, मध्ये रेघ घालू नये.

पहिली तपासणी : रीडर काय लिहितो ते नोटपॅडमध्ये पाहणे

यूएसबीचा टेबलावरचा रीडर असेल तर तो संगणकाच्या दृष्टीने कळफलकच असतो. हजेरीचे सॉफ्टवेअर बंद करावे, नोटपॅड उघडावे आणि कार्ड लावावे. जो क्रमांक उमटेल तो जसाच्या तसा, पुढच्या शून्यांसह कागदावर लिहावा. फाटकावरचा रीडर कंट्रोलरला, म्हणजे दाराच्या नियंत्रक पेटीला, जोडलेला असेल, तर कंट्रोलरच्या नोंदींत ‘अनोळखी कार्ड’ म्हणून आलेला क्रमांक पाहावा. तीन वेगवेगळी कार्डे घ्यावीत, शक्य असल्यास वेगवेगळ्या वेळी खरेदी केलेली, आणि प्रत्येकासमोर कार्डावर छापलेला लांब क्रमांक, स्वल्पविराम असलेला छोटा क्रमांक, रीडरने दिलेला क्रमांक आणि सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा क्रमांक असे चार रकाने भरावेत.

ही तपासणी फुकट आहे, तरीही तीच सर्वांत मोलाची आहे, कारण दोष रीडरच्या बाजूला आहे की सॉफ्टवेअरच्या, याचा निवाडा येथेच होतो. नोटपॅडमध्ये छापील क्रमांक बरोबर उमटत असेल तर रीडरला हात लावण्याचे कारण उरत नाही.

क्रमांक फोनवरून सांगू नयेत, कार्डाचे छायाचित्र पाठवावे. मागाच्या खडखडाटात बी, डी आणि ई ही अक्षरे सारखीच ऐकू येतात. त्यात टाइमकीपर तेलुगू बोलणारा, जॉबर कन्नड बोलणारा आणि हिशेबनीस मराठी अशी सोलापूरची नेहमीची मांडणी असली की एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांतला फरक कोण कोणाला समजावणार?

दुसरी तपासणी : कॅल्क्युलेटर

विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये ‘प्रोग्रामर’ हा पर्याय निवडला की एकच संख्या हेक्स, दशमान, अष्टमान (पाया ८) आणि द्विमान अशा चारही पद्धतींत एकदम दिसते. त्यातली लांबी ‘क्यूवर्ड’ अशी, म्हणजे ६४ बिटांची ठेवावी. ‘डीवर्ड’, म्हणजे ३२ बिटांची, ठेवल्यास मोठ्या संख्या उणे दिसतात आणि नसलेला दोष शोधण्यात वेळ जातो.

उदाहरणाचे कार्ड घेऊ. त्यावर ०००५९१३७५९ आणि त्यापुढे ०९०,१५५१९ असे छापलेले आहे. दशमान पर्याय निवडून ५९१३७५९ टाकल्यास हेक्समध्ये ५ए-३सी-९एफ मिळते. पहिला बाइट ५ए म्हणजे ५ गुणिले १६ अधिक १०, अर्थात ९०. उरलेले दोन बाइट ३सी-९एफ म्हणजे ३ गुणिले ४०९६, अधिक १२ गुणिले २५६, अधिक ९ गुणिले १६, अधिक १५, अर्थात १५५१९. म्हणजे कार्डावरचे दोन छापील क्रमांक एकाच संख्येचे आहेत : लांब क्रमांक ती संख्या सलग दाखवतो, तर छोटा क्रमांक तिचा वरचा बाइट आणि खालचे दोन बाइट वेगळे काढून प्रत्येकाचे स्वतंत्र दशमान रूप देतो. एवढे ध्यानात आले की बहुतेक तक्रारींचे निदान खुर्चीवरून न उठता होते.

संगणकात ९०१५५१९ दिसत असेल, तर छोट्या क्रमांकातला स्वल्पविराम काढून दोन्ही भाग नुसते शेजारी चिकटवले गेले आहेत. ही संख्या गणिताने लांब क्रमांकात बदलायची असेल तर शेवटचे पाच अंक वेगळे काढावेत, उरलेल्या ९० ला ६५,५३६ ने गुणावे आणि त्यात १५५१९ मिळवावेत. उत्तर ५९१३७५९ येते.

संगणकात १०४३५६७४ दिसत असेल, तर त्याचे हेक्स रूप ९एफ-३सी-५ए आहे, म्हणजे बाइटांचा क्रम उलटला आहे. येथे जोड्या उलटतात, एकेक अंक नव्हे, हे विसरून बरेच जण एफ९ असे लिहून बसतात आणि जुळत नाही म्हणून सोडून देतात. चार बाइट धरून क्रम उलटला तर शेवटी शून्याची जोडी येते, ९एफ-३सी-५ए-०० अशी संख्या बनते आणि तिचे दशमान रूप २६७१५३२५४४ होते.

हीच मोठी संख्या पुष्कळदा उणे होऊन दिसते. ३२ बिटांच्या चिन्हयुक्त रकान्यात २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच धन संख्या मावतात, त्यापुढची प्रत्येक संख्या उणे म्हणून वाचली जाते, त्यामुळे वरील संख्या –१६२३४३४७५२ अशी दिसेल. तीत ४,२९,४९,६७,२९६ मिळवल्यास मूळ संख्या परत येते. सर्व कार्डे उणे न दिसता त्यांतली काही तेवढीच उणे दिसतात ती याचमुळे : ज्या कार्डांचा सर्वांत वरचा बिट १ आहे, तीच उणे होतात. ‘अर्धी कार्डे खराब निघाली’ म्हणून दुकानदाराकडे परत पाठवण्याआधी हे पाहावे.

आणखी एक प्रकार क्वचित भेटतो, पण भेटला की गोंधळवतो. काही ठिकाणी प्रत्येक बाइटातले बिटच उलट क्रमाने येतात. आपल्या उदाहरणात ५ए म्हणजे ०१०११०१० आणि ३सी म्हणजे ००११११०० हे दोन्ही उलटे वाचले तरी तसेच राहतात, फक्त ९एफ, म्हणजे १००१११११, उलटून १११११००१ म्हणजे एफ९ होतो. परिणामी छोट्या क्रमांकाचा पहिला भाग ०९० अगदी बरोबर दिसतो आणि दुसरा भाग १५५१९ ऐवजी १५६०९ येतो. केवळ या एका कार्डावरून कोणीही छपाईची चूक झाली असाच निष्कर्ष काढील. तीन कार्डे घ्यावीत असे म्हणतो ते अशा योगायोगासाठी.

तिसरी तपासणी : एक्सेलमधली यादी

रीडर बरोबर, सॉफ्टवेअर बरोबर आणि तरीही काही मोजकीच नावे चुकत असतील, तर संशय एक्सेलवर घ्यावा. बहुतेक कारखान्यांत कामगारांची यादी एक्सेलमध्ये तयार होते आणि मग सॉफ्टवेअरमध्ये ओतली जाते. एक्सेल रकान्यात आलेला मजकूर संख्या किंवा तारीख वाटला की स्वतःहून बदलते, आणि हेक्स क्रमांक या सवयीला हमखास बळी पडतात.

क्रमांक ००५९१३ई७ असा असेल तर एक्सेल मधला ई हा घातांक समजते आणि ५९१३ पुढे सात शून्ये धरून ५.९१ई+१० दाखवते. मूळ अक्षरे तेथेच नष्ट होतात. नंतर रकान्याचे स्वरूप ‘टेक्स्ट’ केले तरी ती परत येत नाहीत. बारा महिन्यांच्या इंग्रजी तीन अक्षरी नावांपैकी फक्त दोनच, डी-ई-सी आणि एफ-ई-बी, पूर्णपणे हेक्स अक्षरांची आहेत, म्हणून १डीईसी१५ हा निर्दोष हेक्स क्रमांक १ डिसेंबर २०१५ ही तारीख होऊन बसतो. मार्च किंवा ऑगस्टची तारीख दिसली तर कारण दुसरे आहे, कारण ती नावे हेक्समध्ये लिहिताच येत नाहीत.

याहून फसवा प्रकार म्हणजे ज्या हेक्स क्रमांकात एकही अक्षर नाही तो. सहा हेक्स अंकांचा यादृच्छिक क्रमांक घेतला तर त्यात सर्व अंक ० ते ९ मधलेच असण्याची शक्यता सुमारे ६ टक्के असते. शंभर कार्डांत अशी पाच-सहा कार्डे निघतात, ती दशमानच दिसतात, म्हणून ती रूपांतर न होता तशीच पुढे जातात आणि त्यांचीच हजेरी चुकते. यादीतले प्रत्येक कार्ड कोणत्या पद्धतीत लिहिले आहे हे दिसण्यावरून ठरवू नये. संपूर्ण रकाना एकाच पद्धतीचा आहे हे आधी निश्चित करावे.

उपाय असा की मजकुराची फाइल दुहेरी टिचकीने न उघडता ‘डेटा’ या विभागातून आयात करावी आणि कार्डाच्या रकान्याचा प्रकार आयात करतानाच ‘टेक्स्ट’ निवडावा. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये विंडोज आणि मॅकवरील एक्सेलमध्ये असे आपोआप होणारे बदल बंद करण्याची सोय दिली आहे; नवी आवृत्ती असेल तर पर्यायांच्या यादीत ती पाहावी. हेक्सचे दशमान करण्यासाठी बहुतेक जण ‘हेक्स टू डेक’ हे सूत्र वापरतात. ते दहा हेक्स अंकांपर्यंत चालते, मात्र दहावा अंक भरलेला असताना सर्वांत वरचा, म्हणजे चाळिसावा, बिट ते चिन्हाचा मानते, त्यामुळे ८ किंवा त्याहून मोठ्या अंकाने सुरू होणारा पूर्ण दहा अंकी क्रमांक उणे होतो. साध्या कार्डात बरोबर ४० बिटच असल्याने ही अडचण काल्पनिक नाही. २०१३ पासूनच्या एक्सेलमध्ये असलेले ‘डेसिमल’ हे सूत्र, ज्यात पाया १६ असा स्वतः सांगावा लागतो, ते वापरल्यास हा प्रश्न येत नाही.

सात बाइटांची नवी १३.५६ मेगाहर्ट्झची कार्डे असतील तर मात्र एक्सेलमध्ये दशमान रूपांतर करूच नये. ५६ बिटांची संख्या १७ अंकांपर्यंत जाते, आणि एक्सेल १५ अंकांपलीकडचे अंक शून्य करते. शेवटचे अंक सर्वत्र शून्यच दिसत असतील तर कारण हेच. अशा कार्डांचा क्रमांक हेक्समध्येच, मजकूर म्हणून ठेवावा.

यादी मराठीत तयार केलेली असेल तर अंकही पाहावेत. युनिकोडमध्ये देवनागरी अंक आणि इंग्रजी अंक ही वेगवेगळी चिन्हे आहेत, म्हणून मजकूर म्हणून तुलना केली तर ५ आणि त्याचा इंग्रजी जोडीदार एक ठरत नाहीत, जरी वाचणाऱ्याला दोन्ही पाचच असले तरी. नावे खुशाल मराठीत असावीत, कार्डाचा रकाना इंग्रजी अंकांत ठेवावा.

चौथी तपासणी : रीडरची मांडणी

बऱ्याच रीडरमध्ये क्रमांक कोणत्या रूपात द्यायचा हे बदलता येते : दहा दशमान अंक, आठ हेक्स अंक, किंवा तीन आणि पाच अंकांचे दोन भाग. नवा रीडर बसवताच सगळी कार्डे अनोळखी झाली असतील तर दहांपैकी नऊ वेळा दोष येथेच असतो. सोबत आलेले पत्रक पाहून नव्या रीडरला जुन्याच्या रूपात आणावे. सॉफ्टवेअरमधली शेकडो नावे बदलण्यापेक्षा एका रीडरची मांडणी बदलणे केव्हाही स्वस्त पडते. बदल करण्याआधी असलेली मांडणी लिहून ठेवावी आणि तीन कार्डांवर पडताळावे.

येथेच दोन नावांच्या सरमिसळीचाही विचार करावा. तीन आणि पाच अंकांच्या रूपात २४ बिटच येतात, म्हणजे १,६७,७७,२१६ वेगळे क्रमांक शक्य असतात आणि ते कारखान्याला पुरतात. परंतु काही जुनी सॉफ्टवेअर त्यातले शेवटचे पाच अंकच साठवतात, आणि त्यांत केवळ ६५,५३६ क्रमांक मावतात. निरनिराळ्या खरेदीतली ३०० कार्डे असतील आणि क्रमांक विस्कळीत असतील, तर त्यांत कोणत्यातरी दोघांचे पाचही अंक जुळण्याची शक्यता जवळजवळ निम्मी असते. एकाच खोक्यातली, ओळीने क्रमांक असलेली कार्डे असेपर्यंत हे लक्षात येत नाही; दुसरे खोके आले की तक्रार सुरू होते.

पाचवी तपासणी : सॉफ्टवेअरमधले रूपांतर

छोट्या क्रमांकाचा पहिला भाग शंभराच्या आत असलेलीच कार्डे चुकत असतील तर पुढे असलेल्या शून्याचा संशय घ्यावा. काही संगणकभाषांत शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान समजली जाते, त्यामुळे ०६४ चे ५२ होते, आणि ०९० तर अष्टमानात बसतच नाही, म्हणून तेथे चूक दाखवली जाते किंवा शून्य मिळते. हा दोष वापरणाऱ्याने सुधारण्याचा नाही. सॉफ्टवेअर देणाऱ्याला अशा दोन कार्डांची उदाहरणे पाठवावीत आणि दशमान पाया स्पष्ट सांगूनच वाचन करण्याचा बदल मागावा.

येथे थांबावे

माहितीसाठ्याच्या तक्त्यात थेट जाऊन क्रमांक बदलणे हे काम टाइमकीपरने किंवा हौशी नातेवाइकाने करू नये. हजेरीवर पगार ठरतो. एका रकान्यातला बदल मागच्या महिन्याच्या नोंदी दुसऱ्याच्या नावावर नेऊ शकतो. बिघाड असेपर्यंत कागदी मस्टर चालू ठेवावे, साठ्याची प्रत काढून ठेवावी आणि सॉफ्टवेअर देणाऱ्याला बोलवावे.

फाटकावरच्या रीडरच्या तारांचेही तसेच. त्यात माहितीच्या दोन तारा असतात, सामान्यतः हिरवी आणि पांढरी, आणि त्यांची अदलाबदल झाली तर प्रत्येक बिट उलटा होतो, ० चा १ आणि १ चा ०. चांगला कंट्रोलर पॅरिटी जुळत नाही म्हणून असे वाचन नाकारतो, पण पॅरिटी न पाहणारा उलटा क्रमांक निमूटपणे नोंदवतो. हे ओळखण्यासाठी पेचकस लागत नाही : बरोबर आणि चूक क्रमांकांची बेरीज करावी. पहिल्या भागांची बेरीज २५५ आणि दुसऱ्या भागांची ६५५३५ आली, तर तारा उलट्या आहेत. उदाहरणाच्या कार्डाला तेव्हा १६५,५००१६ दिसेल. निदान येथवर आपण करावे, तारा मात्र स्वतः बदलू नयेत, कारण त्याच पेटीत दाराच्या चुंबकी कुलुपाचा पुरवठा असतो आणि पुष्कळदा तेच दार आग लागल्यास बाहेर पडण्याचे असते. वीज बंद करून ते काम प्रवेशयंत्रणेच्या तंत्रज्ञानेच करावे.

एकच कार्ड, त्याच रीडरवर, दर वेळी वेगळा क्रमांक देत असेल तर वरीलपैकी काहीही करू नये. संख्यापद्धतींची गल्लत दर वेळी तीच चूक देते. बदलती चूक म्हणजे यंत्राचा किंवा तारेचा दोष, आणि तेथे कॅल्क्युलेटर उपयोगाचा नाही. तंत्रज्ञ आल्यावर त्याच्या हाती ती तीन कार्डे, चार रकान्यांचा कागद, रीडरचे पत्रक आणि आधीच्या मांडणीची नोंद द्यावी, आणि काम संपल्यावर तीच तीन कार्डे नोटपॅडपासून हजेरीपटापर्यंत आपल्यासमोर चालवून घेतल्याशिवाय बिल चुकते करू नये.